सेफ्टी ट्रेनिंग : सही केली की झालं?

पाना_पक्कड (धागाकर्ता)

४ मार्च जवळ आला की चाकण-भोसरीत गेटागेटावर फ्लेक्स चढतात. १९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून हा सुरक्षा दिन. मग आठवडाभर शपथ, घोषवाक्यं, चित्रकला, छातीवर हिरवा बिल्ला. घोषवाक्याचं बक्षीस दरवर्षी ऑफिसातलंच कोणीतरी नेतं, कारण पत्रा दाबायच्या प्रेसवरच्या पोराला त्या आठवड्यातही टार्गेट तेवढंच असतं. यमक जुळवायला त्याला वेळ कुठला!

मी चाकण पट्ट्यात गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. (नाव विचारू नये.) नवी भरती आली की इंडक्शन होतं. एसी रूम, भिंतीवर इंग्रजी स्लाइड, समोर बीड-लातूरची, बिहार-ओडिशाची विशीतली पोरं. शेवटी दहा मार्कांचा पेपर, उत्तरं शिकवणाराच सांगतो, हजेरीच्या कागदावर सही आणि दुपारी पोरगं लाईनवर. कागदोपत्री ट्रेनिंग शंभर टक्के.

एक उदाहरण देतो. पॉवर प्रेसला स्ट्रोक मारायला, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा (डाय) एकदा खाली आणायला, दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हणजे डाय खाली येताना हात आत राहूच शकत नाही. जुन्या प्रेसवर फिरताना कधीकधी दिसतं की एक बटण चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवलंय. सेफ्टीवाला येतो, फोटो काढतो, ऑपरेटरला मेमो देतो. विषय संपला. त्याने ते का केलं, हे कोणी विचारत नाही. आमच्याकडे अशाच एका प्रेसपाशी उकिडवं बसून बघितलं, तर डायमधली, पत्रा जागेवर बसवणारी लोकेटिंग पिन झिजली होती. पत्रा एका बाजूने वर उचलला जायचा, म्हणून पोरगा डाव्या हाताने पत्रा दाबून धरायचा आणि उजव्याने स्ट्रोक मारायचा. रिजेक्शन आलं तर बोलणी त्यालाच. पिन बदलली, चिकटपट्टी गेली. मेमो मात्र त्याच्या फायलीत तसाच.

म्हणून मला वाटतं, जिथे जुगाड दिसेल तिथे काहीतरी अडतंय असं समजून धोका शोधायला सुरुवात करावी. आमच्या सेफ्टी कमिटीत हे मांडायचंय. तुमच्याकडे ट्रेनिंग कसं होतं? खरंच उपयोगी पडलेलं काही असेल तर लिहा. घोषवाक्यं नकोत.

जुना_पिंपरीकर

विषय चांगला काढलात. मी टूलरूममधून रिटायर झालो. तुमचं पटतं, पण सगळं खापर पिनवर फोडू नका. सुपरवायझरची पाठ वळली की गॉगल कपाळावर चढवणारे आम्ही रोज बघायचो. त्यात कुठली पिन झिजलेली असते?

ट्रेनिंगचं म्हणाल तर माझी तक्रार वेगळी आहे. सगळीकडे एकच पोस्टर: हातमोजे घाला. अहो, ड्रिल मशीनवर, लेथवर, जिथे काही फिरतं तिथे हातमोजा घालायचा नसतो! फिरत्या ड्रिलने मोज्याचा धागा पकडला की मोजा गुंडाळला जातो आणि सोबत बोटं जातात. उघड्या हाताला खरचटेल, मोजा घातलेला हात ओढला जाईल. अंगठी, कडं, लोंबती बाही, गळ्यातला गमछा, ओढणी, सगळ्यांचं तेच. आणि बर (धातूचा कीस) काढायची ती ब्रशने, बोटाने नाही.

आमच्याकडे आयटीआयची पोरं आली की मी एक करायचो. जुना मोजा चिंध्यांनी भरायचा, लांब दांड्याच्या टोकाला बांधायचा आणि दुरून फिरत्या ड्रिलला नुसता लावायचा. फाडकन आवाज यायचा आणि दांडा हातातून हिसकला जायचा. मागे उभी असलेली पोरं दोन पावलं सरकायची. त्यानंतर मोजा घालून ड्रिलवर उभा राहिलेला पोरगा मी पाहिला नाही. (स्वतः करायला जाऊ नका. मशीन, अंतर आणि दांडा यांचा अंदाज असलेल्या माणसानेच करायचं.)

कोथरूडची_कैरी

बापरे. वाचतानाच हात मागे घेतला.

नियमावली

मी सेफ्टी ऑफिसर आहे, त्यामुळे धाग्यात मला थोड्या शिव्या बसणार हे धरून चालते. ☺️

पाना_पक्कड, मेमोचं म्हणणं मान्य. पण सहीचंही ऐका. ऑडिटर आला की पहिली मागणी ट्रेनिंग रेकॉर्डची. पोरांना किती कळलं हे तो लाईनवर जाऊन विचारत नाही. मग जे मोजलं जातं तेच केलं जातं.

आता थोडं कायद्याचं. १९४८ च्या कारखाने कायद्यात हजार किंवा अधिक कामगार असले की सेफ्टी ऑफिसर नेमावा लागायचा. डिसेंबर १९८४ ला भोपाळ घडलं, त्यानंतर १९८७ च्या दुरुस्तीत धोकादायक प्रक्रियांवर वेगळं प्रकरण आलं. त्या कारखान्यांत कामगार आणि व्यवस्थापन यांचे समान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती आली. जिवाला तातडीचा धोका वाटला तर तो वरिष्ठांच्या कानावर घालायचा हक्कही कामगाराला मिळाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता लागू झाली. तिच्यात सेफ्टी ऑफिसरची मर्यादा कारखान्याला ५०० आणि धोकादायक प्रक्रियेला २५० आहे. नियुक्तीपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे. धोक्याची माहिती मागायचा आणि तो निरीक्षकाच्याही कानावर घालायचा हक्क कामगाराला आहे.

पण भोसरीत, तळवड्यात तीस-चाळीस माणसांची जी शेकडो वर्कशॉप्स आहेत, त्यांना ५०० काय आणि २५० काय. तिथे सेफ्टी ऑफिसर म्हणजे मालक स्वतः किंवा कोणीच नाही.

चिकटपट्टीबद्दल एक. आता असे कंट्रोल येतात की दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही सोडली तरच प्रेस चालते. एक बांधून ठेवलं तर मशीन उठतच नाही. आमच्या धंद्यात उतरंड अशी: आधी धोकाच काढून टाका, नाही जमलं तर कमी धोक्याचं काही वापरा, मग यंत्रातच अडसर घाला, मग नियम आणि ट्रेनिंग, आणि सगळ्यात शेवटी हेल्मेट-मोजे. आपल्याकडे खरेदी उलट्या टोकापासून सुरू होते, कारण हेल्मेट स्वस्त.

टी_ब्लॉक_भोसरी

मी तो तीस-चाळीसवाला मालक. ताई, अर्ध्या सेकंदाचा कंट्रोल, वर लाईट कर्टन (हात आडवा आला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा), हे एका प्रेसला बसवायला किती पैसे लागतात ते इथे कोणी लिहिलं नाही. माझं गिऱ्हाईक दरवर्षी रेट कमी मागतं, वाढवायचं नाव नाही. त्यांचा ऑडिट येतो तेव्हा माझ्या प्रेसला गार्ड (हात आत जाऊ न देणारा अडसर) हवा, पण गार्डचे पैसे पार्टच्या किमतीत धरायला त्यांचा परचेसवाला तयार नसतो. सेफ्टी त्यांच्या एका डिपार्टमेंटची आणि रेट दुसऱ्याचा. आम्ही मधे.

आणि माणूस टिकतो कुठे? आज शिकवला, दिवाळीला गावी गेला, परत आलाच नाही.

पाना_पक्कड

@टी_ब्लॉक_भोसरी, रेटचं तुमचं खरं आहे, त्यावर मी वाद घालणार नाही. पण पत्रा धरून ठेवणारं फिक्स्चर दुरुस्त करायला, लांब चिमटा किंवा मॅग्नेटिक टूल द्यायला लाईट कर्टनएवढे पैसे लागत नाहीत. हात डायमध्ये जायची गरजच संपली तर निम्मं काम झालं. आणि माणूस टिकत नाही म्हणता, तर पहिल्या दिवशीचं शिकवणं आणखी महत्त्वाचं नाही का? त्याला सहा महिन्यांनी कळून काय उपयोग?

अ_वाचक

धाग्यात सगळ्यात मोठा हझार्ड राहिलाच. तळेगाव-चाकण रस्ता. 😄

हिशेबनीस

अ_वाचक, हसण्यावारी नेऊ नका. २०१० च्या दुरुस्तीनंतर ईएसआयमध्ये (कामगार राज्य विमा) घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघातही कामावरचा धरतात. वेळ, जागा आणि काम यांचा संबंध दाखवता आला पाहिजे. मी पेरोलला आहे, आमच्याकडे हे कितीतरी जणांना माहीत नसतं.

पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय लागू. कामावर इजा झाली आणि काम करता येत नसेल, तर तेवढ्या काळासाठी सरासरी रोजच्या पगाराच्या साधारण ९० टक्के मिळतात, आणि त्यासाठी आधी अमुक महिने वर्गणी भरलेली असावी अशी अट नाही. नोकरीचा पहिला दिवस असला तरी हक्क आहे. त्यामुळे रुजू होताच आपला विमा क्रमांक मागून घ्या. काही ठेकेदार अपघात झाल्यावर धावतपळत ऑनलाईन नोंदणी करतात आणि मग तारखा जुळवत बसतात.

दुसरा प्रकार याहून वाईट. जुन्या कारखाने कायद्यात इजेमुळे माणूस ४८ तास किंवा त्याहून जास्त कामावर येऊ शकला नाही की अपघात कळवावा लागायचा. मग काय करायचे? हाताला प्लास्टर असलेल्या माणसाला गाडी पाठवून आणायचं, टाइम ऑफिसात खुर्चीवर बसवायचं, हजेरी लावायची. गेटवरच्या 'अपघातविरहित दिवस' बोर्डाचा आकडा चालू राहिला पाहिजे ना!

नियमावली

हो, हे मी पाहिलंय. त्या बोर्डाला बोनस जोडला की अपघात नाही, अपघाताची बातमी थांबते. नियर मिसचंही (थोडक्यात टळलेला अपघात) तसंच. कॅन्टीनच्या दाराशी पेटी ठेवतात. कोणी चिठ्ठी टाकली की 'क्रेनचा हूक डोक्यावरून गेला', तर पहिला प्रश्न: तू तिथे काय करत होतास? पुढच्या वेळी तो चिठ्ठी टाकेल का?

हिंजवडी_फेज_तीन

आमच्याकडे ना प्रेस ना ड्रिल. तरी लिहितो.

आमचं ट्रेनिंग म्हणजे ऑनलाईन मॉड्यूल, 'नेक्स्ट' दाबत जायचं, शेवटी सर्टिफिकेट. वर्षातून दोनदा फायर ड्रिल. अलार्म वाजतो, अर्धे लोक कॉलवर असतात, उरलेले लॅपटॉप आणि डबा घेऊन निघतात. खाली जमल्यावर हजेरी कोण घेणार हे ठरलेलं नसतं. जिन्याचा अग्निरोधक दरवाजा आपोआप बंद होणारा असतो, पण पँट्रीत जायला बरं पडतं म्हणून आमच्या मजल्यावर तो कचऱ्याच्या डब्याने उघडा अडकवलेला असतो. आग लागली तर धूर सरळ जिन्यात. हे पाना_पक्कड यांच्या चिकटपट्टीचंच भावंड. लोकांना सारखं यायजायचं असेल तर अलार्म वाजल्यावर स्वतः सुटणारा मॅग्नेटिक होल्डर लावायला हवा, नुसतं 'दार बंद ठेवा' लिहून भागत नाही.

फायर एक्स्टिंग्विशरबद्दल विचारायचं होतं. आमच्याकडे दोन प्रकार आहेत, एकाला काटा आहे, दुसऱ्याला नाही. बिघडलाय का?

नियमावली

बिघडलेला नाही. पावडरच्या सिलिंडरला प्रेशर गेज असतो, काटा हिरव्यात हवा. सीओटूवाल्याला साधारणपणे गेज नसतो, तो भरलेला आहे की नाही ते वजनावरून बघतात. सर्व्हर आणि पॅनेलजवळ सीओटू ठेवतात, कारण तो मागे काही सोडत नाही. वापरताना त्याच्या भोंग्याला हात लावू नका, बाहेर येणारा वायू उणे ७८ अंशांच्या आसपास असतो, कातडी चिकटते. आणि बंद छोट्या खोलीत मारून तिथेच उभं राहू नका. तेलाच्या किंवा विजेच्या आगीवर पाणी मारायचं नाही हे बहुतेकांना माहीत असतं, पण प्रत्यक्ष सिलिंडरची पिन ओढून पाहिलेले शंभरात पाच निघणार नाहीत. रिफिलिंगला जाणारे सिलिंडर आधी लोकांच्या हातात द्या आणि मोकळ्या जागेत मारू द्या. नाहीतरी ते रिकामे करायचेच असतात.

आणखी एक: महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचा 'ब' नमुन्यातला दाखला दर जानेवारी आणि जुलैत लायसन्सधारक एजन्सीकडून घ्यावा लागतो. तुमच्या ॲडमिनला विचारा, शेवटचा कधीचा आहे.

सोसायटी_सचिव_वाघोली

मी कारखान्यात नाही, पण कामगार आमच्याकडेही येतात. आमच्या सोसायटीत एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) आहे. टाकी साफ करायला ठेकेदार दोन मुलं पाठवतो, चप्पल घालून. इथे कोणाला विचारावं कळेना म्हणून लिहितो: काय काय बघायचं?

जुना_पिंपरीकर

माणूस आत उतरवायचाच नाही, हे पहिलं. सक्शन गाडी बोलवा. सेप्टिक टँक आणि गटारात सुरक्षासाधनांशिवाय माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि काम देणाराही त्यात येतो. ठेकेदाराकडे बोट दाखवून सुटका नाही. बाकी वायूचं ताई सांगतील.

नियमावली

सांगते, आणि जरा सविस्तर, कारण इथे माणसं जोडीने जातात.

हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली गेला की त्या जागेत जायचं नाही. मैला किंवा गाळ सडतो तिथे ऑक्सिजन कमी होतो आणि हायड्रोजन सल्फाइड साचतो, तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण शंभर पीपीएमच्या (दहा लाखात शंभर भाग) आसपास गेलं की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो. आतल्या माणसाला वाटतं, गेला वास, बरं झालं. गाळ ढवळला की तो आणखी सुटतो. त्यामुळे वर झाकणापाशी सगळं ठीक असलं तरी काम सुरू झाल्यावर आत काय असेल याचा भरवसा नाही.

मग पहिला कोसळतो. वरचा त्याचा भाऊ किंवा गाववाला असतो, तो न थांबता उतरतो. मग तिसरा. अशा बातम्यांत मेलेल्यांची संख्या एकावर क्वचित थांबते. म्हणून आमच्या ट्रेनिंगमध्ये मी सगळ्यात जास्त वेळ याच एका गोष्टीवर देते: माणूस आत पडला तर तुम्ही उतरायचं नाही. कोणी पाय धरून तुम्हाला वरच बसवून ठेवलं तरी चालेल, पण उतरायचं नाही. बाहेरूनच ओढून काढता येईल अशी सोय आधी असली पाहिजे, म्हणजे अंगात फुल बॉडी हार्नेस, वर तिकाटणं आणि विंच. कारखान्यात टाकीत जायची वेळ आलीच तर आधी हवा खेळती करायची, गॅस डिटेक्टर दोरीने वर, मधे आणि तळाशी सोडून वाचन घ्यायचं, परमिटवर (आत जायच्या परवान्यावर) लिहायचं, काम चालू असताना वाचन चालू ठेवायचं आणि तोंडाशी एक माणूस पूर्णवेळ. त्याने चहा आणायला जायचं नाही. धूळ अडवणारा कापडी मास्क इथे काहीही कामाचा नाही.

सचिवसाहेब, तुमच्या पातळीवर एवढंच: करारात यंत्राने सफाई असं लिहून घ्या, झाकणाला कुलूप लावा आणि किल्ली वॉचमनकडे न ठेवता समितीकडे ठेवा.

सोसायटी_सचिव_वाघोली

धन्यवाद ताई. आजच ठेकेदाराला थांबवतो. किल्लीचं सुचलंच नव्हतं.

मुळशीचा_पाऊस

मी पिरंगुटचा. ७ जून २०२१ ला उरवड्याला आग लागली ती कंपनी पाणी शुद्धीकरणाची रसायनं बनवायची. पंधराहून जास्त कामगार गेले, बहुतेक बायका, आजूबाजूच्या गावांतल्या. मग डिसेंबर २०२३ मध्ये तळवडे, केकवर लावायच्या फुलबाज्यांचा कारखाना. तिथेही बायकाच जास्त. त्या दोन ठिकाणी नेमकं कोणाचं काय चुकलं ते तपासणाऱ्यांनी सांगावं. मी आमच्या भागातलं सांगतो. पॅकिंगला बायका घेतात रोजावर, ठेकेदाराच्या टेम्पोतून. हातात काय पावडर आहे हे त्यांना विचारा, 'पांढरी पावडर' म्हणतात. पोत्यावरचा लेबलचा कागद इंग्रजीत. त्यावर ज्वाळेचं, कवटीचं चित्र असतं त्याचा अर्थ कोणी सांगितलेला नाही. माझी मावशी अशाच एका ठिकाणी जायची. तिला तीन वर्षांत एकदाही कोणी दुसरा दरवाजा कुठे आहे ते दाखवलं नाही. मागच्या दारापुढे तयार मालाचे खोके रचलेले असायचे.

इथे सगळे प्रेस आणि परमिट बोलताहेत. या बायकांची तुमच्या इंडक्शनच्या कागदावर सहीसुद्धा नसते.

पाना_पक्कड

@मुळशीचा_पाऊस, खरं आहे. खोक्यांचं तर आमच्याकडेही होतं. महिनाअखेर डिस्पॅच वाढला की इमर्जन्सी गेटपुढे ट्रॉल्या. पिवळे पट्टे रंगवून झाले, ट्रॉल्या पट्ट्यांवरच. शेवटी गेटबाहेर माल ठेवायला शेड झाली तेव्हा थांबलं.

टी_ब्लॉक_भोसरी

पुन्हा आलो. मेंटेनन्सवाल्यांना एक विचारतो. प्रेस बंद करून डाय बदलताना अपघात का होतात? मशीन तर बंद असतं.

पाना_पक्कड

माझा आवडता प्रश्न. मशीन बंद असतं, पण मेलेलं नसतं. स्लाइड, म्हणजे वरची डाय धरून खाली-वर होणारा भाग, वरच्या बाजूला अडकलेला असतो, त्याचं वजन काही क्विंटल. ब्रेक किंवा हवेचं प्रेशर सुटलं की खाली. फ्लायव्हील स्विच बंद केल्यावरही बराच वेळ फिरत राहतं. हायड्रॉलिक लाईनीत प्रेशर, एअर टाकीत हवा, पॅनेलच्या कपॅसिटरमध्ये चार्ज. त्यात दुसऱ्या शिफ्टचा माणूस येतो, मशीन बंद दिसलं म्हणून चालू करतो.

म्हणून लोटो (लॉकआउट-टॅगआउट). मेन आयसोलेटर (वीज तोडणारा स्विच) बंद करून कुलूप, वर नावाचा टॅग. आत तीन माणसं काम करत असतील तर तीन कुलपं, ज्याची किल्ली त्याच्या खिशात. 'मास्टर किल्ली सुपरवायझरकडे' हा प्रकार बंद. मग हवा सोडायची, फ्लायव्हील थांबू द्यायचं, स्लाइडखाली सेफ्टी ब्लॉक लावायचा, आणि शेवटी सगळे बाजूला झाल्यावर स्टार्ट बटण दाबून बघायचं. उठलं नाही तरच हात घालायचा. बहुतेक ठिकाणी हे शेवटचं बटण दाबणं राहतं.

कुलपांचा खर्च लाईट कर्टनचा नाही, शेठ. 🙂 सेफ्टी ब्लॉक तर तुमच्याच वर्कशॉपमध्ये बनेल, फक्त स्लाइडचं वजन पेलेल असं डिझाइन जाणकाराकडून करून घ्या आणि ब्लॉकला इंटरलॉक प्लग जोडा, म्हणजे ब्लॉक आत विसरून कोणी स्ट्रोक मारू शकणार नाही.

जुना_पिंपरीकर

हे बरोबर सांगितलंत. आणि भाषेचं राहिलं. आमच्या शेवटच्या वर्षांत बिहारी पोरांना मी माझ्या हिंदीत शिकवायचो, ती हो हो म्हणायची. मग त्यांच्यातलाच एक जुना ऑपरेटर उभा केला, तो भोजपुरीत बोलायला लागला आणि पोरं एकदम प्रश्न विचारायला लागली. त्याला महिन्याला थोडे जास्त पैसे द्यायला मॅनेजमेंटला मी राजी केलं, तेवढीच माझी कर्तबगारी. शिकवून झालं की पोरानेच मशीनपाशी उभं राहून सांगायचं: हात कुठे अडकेल, काय उडेल, काय पडेल, थांबवायचं कसं. सांगता आलं तर सही. नाहीतर उद्या पुन्हा.

नियमावली

काका, ही 'उद्या पुन्हा'ची सोय माझ्या फॉरमॅटमध्ये नाहीये. रकाना वाढवते.

टी_ब्लॉक_भोसरी

बरं. पाना_पक्कड, ब्लॉकचं आणि त्या इंटरलॉक प्लगचं वायरिंग व्यनि (खाजगी निरोप) करता का? माझ्याकडे दोन प्रेस आहेत, एक शंभर टनी. तिच्यापासून सुरुवात करतो.

पाना_पक्कड

शंभर टनीच्या स्लाइडचं आणि वरच्या डायचं वजन, स्ट्रोक आणि शट हाइट (स्लाइड पूर्ण खाली आल्यावर उरणारी उंची) पाठवा. त्याशिवाय ड्रॉइंगचा उपयोग नाही.